नवरा चांगला आहे, मग मला झालंय काय?

ताई, नमस्कार. माझं वय ५१. ह्यांच्या नोकरीमुळे २००३ साली इंग्लंडला आले, तेव्हापासून आम्ही रेडिंगमध्ये आहोत. मुलगा नोकरीला लागून मँचेस्टरला गेला, मुलगी यंदा युनिव्हर्सिटीत. पुण्यात मी बँकेत होते. इथे आल्यावर मुलं, घर, मंडळाचा गणपती यात नोकरीचं राहूनच गेलं. हे अगदी सज्जन आहेत. पिणं नाही, आवाज चढवणं नाही, पैशाचा हिशोब विचारणं नाही. संध्याकाळी येतात, जेवतात, 'छान झालंय' म्हणतात आणि मग क्रिकेटचा स्कोअर नाहीतर बागेतले टोमॅटो. तक्रारीला जागाच नाही. तरी दुपारी दोनच्या सुमाराला सिंकपाशी उभी असताना मला रडू येतं.

गेल्या हिवाळ्यात चॅरिटी शॉपमध्ये 'बटरफ्लाइज' या जुन्या मालिकेचा डीव्हीडी संच मिळाला. सगळे भाग पाहिले. त्यातली रिया पार्किन्सन म्हणजे मीच, फक्त मला स्वयंपाक येतो. आणि एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. मी आठवड्यातून एकदा लायब्ररीत मदतीला जाते. तिथे एक गृहस्थ येतात, इंग्लिश, साठीचे, पत्नी वारलेली. दर गुरुवारी आम्ही कॉफी घेतो, थेम्सकाठी चालतो, बोलतो. बस, एवढंच. ह्यांना माहीत नाही. मी कृतघ्न आहे का? गुरुवार बंद करू का? आणि ही मालिका ह्यांना दाखवली तर त्यांना काही कळेल का?
– रेडिंगची रिया

रेडिंगच्या रियाबाई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. कृतघ्न नाही आहात. पिणं नाही, ओरडणं नाही, हिशोब मागणं नाही, ही चांगल्या माणसाची लक्षणं खरी. पण नवऱ्याच्या चांगुलपणाने बायकोची दुपार भरत नाही. ज्यांचे नवरे वाईट असतात त्यांना निदान चार जणी धीर तरी देतात. तुमच्या वाट्याला 'तुला काय कमी आहे?' एवढंच येतं, आणि हे विचारणाऱ्यांत तुम्ही स्वतःच सगळ्यात पुढे आहात.

आता मालिकेकडे येते. तुम्ही तिच्यात आरसा पाहिलात आणि मला वाटतं थोडा चुकीचा पाहिलात. न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. 'बटरफ्लाइज' बीबीसी टूवर १९७८ च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि १९८३ च्या ऑक्टोबरात संपली. चार हंगाम मिळून २८ भाग. चित्रीकरण चेल्टनहॅमचं, म्हणजे गाव टुमदार आणि सुखवस्तू. रियाचं काम वेंडी क्रेगने केलं. नवरा बेन दंतवैद्य, ते काम जेफ्री पामरचं. त्याचा चेहराच असा की हा माणूस चहाचा कप उचलतानासुद्धा काहीतरी वाईट होणार म्हणून तयारीत बसलाय असं वाटावं. रसेल आणि अ‍ॅडम ही दोन मोठी झालेली मुलं, बहुतेक वेळ घरात लोळणारी. अ‍ॅडमचं काम करणारा निकोलस लिंडहर्स्ट पुढे 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस'मुळे घरोघरी पोचला. घरकामाला रुबी. बेनला फुलपाखरं जमवायचा छंद, टाचणीने टोचून काचेखाली ठेवायची. प्रतीक इतकं ढळढळीत आहे की लेखिकेने इथे जरा हात आवरायला हवा होता असं मला दर वेळी वाटतं. आणि मग लेनर्ड. पैसेवाला, एकटा, गाडी आणि ड्रायव्हर असलेला. रिया त्याला बागेत भेटते, बोलते, हसते, घाबरते आणि घरी येते. शेवटपर्यंत दोघांमध्ये त्यापुढे काही होत नाही.

रियाला स्वयंपाक येत नाही, हा मालिकेतला सगळ्यात जुना विनोद. जेवणाचं टेबल आलं की प्रेक्षक आधीच हसायला लागतात. तुम्ही त्यावरून म्हणता, 'फक्त मला स्वयंपाक येतो.' मला तर नेमका तिथेच तुमच्या दोघींमधला खरा फरक दिसतो. रिया मूर्ख नाही. वाक्यागणिक तिची बुद्धी दिसते. अशी बाई वर्षानुवर्षं रोज जेवण बिघडवते, ते येत नाही म्हणून? मला ते तिचं असहकाराचं आंदोलन वाटतं. घरात जे एकच काम तिच्या नावावर लिहिलंय, तेवढंच ती धडपणे करत नाही. निदान टेबलावरचे तिघे ताटाकडे बघून काहीतरी बोलतात तरी. तुम्ही गेली वीसेक वर्षं रोज गरम पोळ्या वाढल्यात आणि 'छान झालंय' हे एक वाक्य मिळवलंय. चांगलं जेवण दिसेनासं होतं, जळलेलं दिसतं. तुम्ही काही जाळा असं मी म्हणत नाही. मंगळवार आणि गुरुवार हे दोन दिवस स्वयंपाक तुमच्याकडे नाही, एवढं घरात सांगून टाका. कारण देत बसू नका, गुडघेदुखी वगैरे पुढे करू नका. टोमॅटो पिकवणाऱ्या माणसाला त्यांचं सार करायला शिकता येतं.

आता थोडं टीव्हीच्या धंद्याचं बोलते, कारण तुमच्या पत्रात मला काळजी वाटली ती इथे. सिटकॉमचं, म्हणजे अशा विनोदी मालिकेचं, एक गणित असतं. भाग संपला की सगळं जिथल्या तिथे यायला हवं, नाहीतर पुढच्या आठवड्याला दाखवायचं काय? रियाने बेनला सोडलं तर मालिका संपली. लेनर्डला कायमचं वाटेला लावलं तरी संपली. तिला एखादी नोकरी मिळाली आणि ती त्यात रमली, तर जेवण कोण बिघडवणार? म्हणून ती पाच वर्षं त्या दाराशी एक पाय आत एक पाय बाहेर अशी उभी राहिली. तिच्या स्वभावामुळे थोडी आणि बीबीसीच्या वेळापत्रकामुळे बरीच. तुम्ही ओळीने सगळे भाग पाहिलेत आणि तुमच्या मनाने घेतलं की आयुष्य असंच असतं, रोज तेच सिंक आणि तीच दुपार. तुमच्यावर पुढचा भाग भरून द्यायची कसलीही सक्ती नाही.

त्याच सुमाराला बीबीसीवर दुसरी एक मालिका होती, 'द फॉल अँड राइज ऑफ रेजिनल्ड पेरिन', १९७६ ते १९७९. तिच्यात कंटाळलेला आहे तो पुरुष. तो काय करतो? समुद्रकिनाऱ्यावर कपडे काढून ठेवतो, आत्महत्या केल्याचा देखावा करतो, वेषांतर करून नवं आयुष्य सुरू करतो, आणि परत येऊन आपल्याच बायकोशी लग्न करतो. गंमत म्हणजे जेफ्री पामर तिच्यातही आहे, रेजीच्या मेहुण्याच्या भूमिकेत. कंटाळलेल्या पुरुषाला अख्खा समुद्र मिळाला, कंटाळलेल्या बाईला गावातली बाग. दोन्ही मालिका उत्तम आहेत, हसता हसता पोटात खड्डा पाडणाऱ्या. पण कुणाला किती लांब पळता येतं याची मापं त्या काळाने कशी ठरवली होती, ते दोन्ही शेजारी ठेवल्यावर कळतं.

आणि तो काळ खरंच आखडलेला होता. रिया पडद्यावर आली तेव्हा ब्रिटनमध्ये लिंगभेदविरोधी कायदा होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. १९७५ च्या त्या कायद्याआधी बाईने कर्ज मागितलं तर नवऱ्याची नाहीतर बापाची सही आणा असं सांगितलं जाई. लग्न झालेल्या बाईचं उत्पन्न करासाठी नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जाई, ते थेट १९९० पर्यंत. बँकेत काम केलेल्या बाईला याचा अर्थ मी समजावून सांगायला नको. रियाजवळ रुबी होती, मोठं घर होतं, नवऱ्याचा दवाखाना होता. स्वतःचं म्हणावं असं मात्र फारसं काही नव्हतं, आणि तेव्हा ते कुणाला फारसं खटकतही नव्हतं. तुमची गोष्ट तशी नाही. तुम्ही कमावलेलं आहे. हिशोब, व्याज, ग्राहकाची कटकट, महिनाअखेरची धावपळ हे सगळं तुमच्या हातून गेलेलं आहे. तुम्ही पत्रात त्यावर एक वाक्य लिहिलंत आणि लगेच मुलांवर गेलात. मला ते वाक्य पत्रातलं सगळ्यात मोठं वाटलं.

म्हणून माझं सांगणं असं की रियाला सोडा आणि तिला जिने लिहिलं त्या बाईकडे बघा. कार्ला लेन. लिव्हरपूलची. फार लहान वयात लग्न, पाठोपाठ दोन मुलगे. घरसंसार करता करता लिहायला लागली. तिथल्याच लेखकांच्या एका गटात मायरा टेलर नावाची दुसरी बाई भेटली, आणि त्या दोघींच्या लिखाणातून १९६९ साली 'द लिव्हर बर्ड्स' उभी राहिली. 'बटरफ्लाइज' तिची एकटीची. पुढे 'सोलो', 'द मिस्ट्रेस', आणि मग 'ब्रेड', जी १९८६ पासून पाच वर्षं अख्ख्या देशाने पाहिली. उतारवयात तिने जनावरांसाठी आसरा चालवला आणि सरकारने दिलेला ओबीई किताब प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या निषेधात २००२ साली परत केला. २०१६ मध्ये ती गेली. म्हणजे असमाधानी गृहिणीची ब्रिटनमधली सगळ्यात गाजलेली गोष्ट जिने लिहिली, ती स्वतः त्या स्वयंपाकघरातून केव्हाच बाहेर पडली होती. आपल्या नायिकेला मात्र तिने आत ठेवलं, कारण विनोद आत होता. मला याचा थोडा रागही आहे. पण त्या रागाने तुमचं काही होणार नाही.

तुम्ही लिहायला लागा असं मी सुचवत नाही. चार ओळी नीट लिहिणाऱ्या प्रत्येक बाईला 'पुस्तक काढा' म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत. तुमचं काम आकड्यांचं होतं. वीस वर्षांच्या खंडानंतर बँकेत जुन्या जागी कुणी बसवणार नाही हे खरंच. पण रेडिंगसारख्या गावात संस्था, धर्मादाय दुकानं, शाळा, लहान धंदे यांना जमाखर्च ठेवणारं माणूस कायम हवं असतं. त्यासाठी एखादा हिशोबाचा छोटा अभ्यासक्रम करावा लागला तर करा. ओपन युनिव्हर्सिटी आहेच. तिचे विद्यार्थी १९७१ पासून घरबसल्या शिकत आले, आणि त्यांची व्याख्यानं लागत ती बीबीसी टूवरच, भल्या पहाटे नाहीतर रात्री उशिरा. ज्या चॅनेलवर रिया रडकुंडीला येई, त्याच चॅनेलवर दिवसाच्या दुसऱ्या टोकाला बायका वही-पेन घेऊन गणित शिकत होत्या. त्यांच्यावर कुणी मालिका केली नाही, कारण त्यांचं पुढच्या आठवड्यात काहीतरी बदलत असे.

आता गुरुवार. तुम्ही वाट बघत असाल की ताई रागावणार. रागावत नाही. गुरुवार बंद करा असंही म्हणत नाही. पण लेनर्डबद्दल दोन गोष्टी बोलायच्या आहेत.

पहिली अशी. लेनर्ड इतका गोड का वाटतो? त्याला मोकळी दुपार आहे, गाडी आहे, आणि रियाने सांगितलेलं सगळं त्याला नवीन आहे. बेन तिला संध्याकाळी मिळतो, दिवसभर लोकांच्या दाढा पाहून आलेला. बागेत, चांगले कपडे घालून, ठरावीक वेळेत कुणीही छान बोलतं. उद्या लेनर्ड घरात राहायला आला तर तोही वर्तमानपत्रामागे जाईल. तुमच्या गृहस्थांना मी ओळखत नाही, ते फार भले असतील. पण त्यांच्याशी बोलताना तुम्हाला जे हलकं वाटतं, त्यातलं अर्धं श्रेय त्यांचं नाही. ते तुमचं आहे. आठवड्यातून एक तास तुम्ही कुणाची आई, बायको, मंडळातली कार्यकर्ती अशी कुणीही नसता. तो तास इतरही ठिकाणी मिळू शकतो.

दुसरी गोष्ट मालिकेत कुणी फारशी बोलत नाही. लेनर्डचं काय झालं? पाच वर्षं एक एकटा माणूस बागेत वाट बघत उभा, आणि आपण त्याला रियाच्या कंटाळ्यावरचं औषध समजून हसतो. तुमचे गृहस्थ विधुर आहेत. त्यांचा गुरुवार तुमच्या गुरुवारपेक्षा जड असेल. त्यांना काय वाटतंय हे तुम्ही विचारलंय का? तुम्हाला मैत्रीच हवी असेल तर तसं एकदा स्पष्ट बोलणं त्यांच्या बाजूने न्यायाचं आहे, तुमच्या संसाराचा प्रश्न घटकाभर बाजूला ठेवला तरी.

आणि घरी सांगा. 'सांगण्यासारखं काही नाही म्हणून सांगितलं नाही' असं तुम्ही मनाशी म्हणत असाल, पण ते तुम्हालाच पटलेलं नाही, नाहीतर मला लिहिलं नसतं. गुन्हा कबूल करायला बसल्यासारखं सांगू नका. जेवताना, जसं सांगाल तसं: लायब्ररीत अमुक गृहस्थ येतात, बायको वारली त्यांची, गुरुवारी कॉफी घेतो आम्ही, नदीवर चक्कर मारतो. ते 'बरं' म्हणून टोमॅटोवर गेले तर प्रश्न मिटला, आणि कदाचित तुम्हाला थोडं वाईटही वाटेल की ते इतक्या सहज मिटलं. ते चमकले, चार प्रश्न विचारले, तर फारच चांगलं, बऱ्याच दिवसांनी तुम्ही दोघं स्कोअर सोडून काहीतरी बोलाल. आणि हे वाक्य तोंडातून निघतच नाही असं लक्षात आलं, तर मग ते नुसती कॉफी राहिलेलं नाही, आणि तेव्हा मला पुन्हा लिहा. त्या पत्राचं उत्तर वेगळं असेल.

मालिका ह्यांना दाखवू का, असं विचारलंय. नको. का ते सांगते. पार्किन्सनांच्या घरात सरळ कुणीच बोलत नाही. रिया मनातलं विनोदात गुंडाळते, बेन कुरकुरीत गुंडाळतो, मुलं चेष्टेत. सगळं घर हसवतं आणि कुणालाच काही कळत नाही. तुम्ही डीव्हीडी लावून बाजूला बसलात की तेच करताय. ते बेनच्या वाक्यांना खदखदून हसतील, कारण बेनची वाक्यं खरंच उत्तम आहेत. तुम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहाल. अर्ध्या तासाने ते म्हणतील, 'मजा आली, अजून एक लावू?' आणि तुम्हाला राग येईल तो एका निरपराध माणसाचा. त्यापेक्षा दोन वाक्यं तोंडाने बोला: 'मला दुपारी रडू येतं. कशामुळे ते मला नीट कळत नाही.' माझा अंदाज, तुमच्या सज्जन नवऱ्याला यातलं पहिलं वाक्य आजवर कुणी सांगितलेलंच नाही. सज्जन माणसांचा हा एक तोटा असतो. ती कधी ओरडत नाहीत, त्यामुळे आपणही कधी ओरडत नाही.

घरातलं सगळं नीट बोलून झाल्यावर मग केव्हातरी जेफ्री पामरसाठी काही बघायचंच असेल, तर 'अ‍ॅज टाइम गोज बाय' बघा. १९९२ पासूनची, समोर जुडी डेंच. तोच उतरलेला चेहरा, पण या वेळी उशिरा का होईना प्रेमात पडलेला. तुमच्या दोघांच्या वयाला ती शोभेल. शीर्षकगीत मात्र 'बटरफ्लाइज'चंच सरस. गाणं डॉली पार्टनचं, मालिकेत आवाज क्लेअर टोरीचा. पिंक फ्लॉइड या बँडच्या १९७३ च्या अल्बममध्ये शब्दांवाचून जो बाईचा आक्रोश ऐकू येतो, तोही हिचाच. असो, हे विषयाला सोडून झालं.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली, कारण आधी लिहिली असती तर तुम्ही बाकीचं सगळं त्या खात्यावर टाकून मोकळ्या झाला असता. तुमचं वय ५१. ब्रिटनमध्ये पाळी जाण्याचं सरासरी वय तेवढंच आहे. त्याच्या आगेमागे काही वर्षं झोप मोडणं, विनाकारण रडू येणं, कशातच मन न लागणं हे कितीतरी जणींना होतं, आणि त्यावर उपचार आहेत. रियाच्या २८ भागांत तिला कुणी डॉक्टरकडे नेऊन हे विचारल्याचं मला तरी आठवत नाही. तुम्ही जा. जीपीला, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना, दुपारच्या रडण्याबद्दल सांगा, झोपेबद्दल सांगा, हार्मोनच्या गोळ्यांचं विचारा, घरात कुणाला स्तनाचा कर्करोग झाला असेल तर तेही सांगा. बोलण्याची गरज वाटली तर एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, टॉकिंग थेरपीज या समुपदेशनात इंग्लंडात स्वतःच नाव नोंदवता येतं, चिठ्ठी लागत नाही. आणि कधी या उदासीने जगणंच नकोसं वाटलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, एनएचएसच्या १११ या नंबरला फोन करा, रात्र असली तरी.

जीपीची वेळ मिळवायची तर सकाळी आठच्या ठोक्याला बऱ्याचदा फोन लावून बसावं लागतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. सोमवारी सगळं गाव फोन लावतं. मंगळवारी लावा. त्या दिवशी तसाही स्वयंपाक तुमच्याकडे नाही.

– ताई